जेम्स हाँग यांच्या भूमिकांचा जमाखर्च

२६ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकी चित्रनटांच्या संघटनेचा, म्हणजे स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा, पुरस्कार सोहळा झाला. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ या चित्रपटाच्या नटसंचाला सोहळ्यातील सर्वोच्च मानला जाणारा सामूहिक पुरस्कार मिळाला आणि मंचावर गेलेल्या मंडळींतून चिनी वंशाचे अमेरिकी नट जेम्स हाँग ध्वनिक्षेपकापाशी आले. चारच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची ९४ वर्षे पूर्ण केली होती. जुन्या काळी ‘द गुड अर्थ’सारख्या चित्रपटात चिनी माणसाची मुख्य भूमिका करणाऱ्या गोऱ्या नटांचे डोळे चिकटपट्टीने ओढलेले असत, असे त्यांनी सांगितले, ते नट कसे बोलत याची नक्कल करून दाखवली, आणि आशियाई नटांची तेवढी कुवत नाही, त्यांच्या नावावर तिकिटे खपत नाहीत, असे निर्माते म्हणत असत, हेही सांगितले. आता आमच्याकडे बघा, असे ते म्हणाले तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले.

त्या छोट्याशा भाषणाचे कौतुक झाले ते बहुतेक ‘काय उत्साह आहे या वयात!’ या अंगाने. मला मात्र असे वाटते की हाँग यांनी त्या मंचावर सत्तर वर्षांची फिर्याद विनोदाच्या कागदात गुंडाळून दाखल केली होती. ऐकणाऱ्यांनी कागद ठेवून घेतला आणि फिर्याद परत केली.

अशा नटाला आपण चरित्र अभिनेता म्हणतो. शब्द मोठा गमतीचा आहे, कारण ज्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही तोच हा. नायक ठरलेला असतो, नायिका ठरलेली असते. त्यांच्या भोवतालचे जग ज्यांनी भरायचे, वकील, हवालदार, सावकार, आजोबा, हॉटेलचा मालक ज्यांनी उभा करायचा, ते चरित्र अभिनेते. त्यांच्यावर गौरवाचा लेख लिहायचा झाला की दोन गोष्टी हमखास येतात: भूमिकांचा एकूण आकडा, आणि भूमिका लहान नसते, नट लहान असतो, हे सुभाषित. हाँग यांचा आकडा कोणी साडेचारशेच्या पुढे सांगतो, कोणी सहाशेच्या पुढे. मालिकांचे भाग आणि नुसता आवाज दिलेली पात्रे कशी मोजायची यावर ते अवलंबून आहे. माझे म्हणणे एवढेच की हा आकडा जमेच्या बाजूला मांडणाऱ्याने तो खर्चाच्या बाजूलाही मांडायला हवा. सहाशे वेळा काम मिळाले याचा दुसरा अर्थ असा, की सहाशे वेळा एका असामान्य नटाला कडेला उभे करण्यात आले. चरित्र अभिनेता होणे ही कलावंताची स्वतःची निवड असेल, किंवा त्याच्या चेहऱ्याची, वयाची, बाजाची स्वाभाविक परिणती असेल, तर तो गौरवाचा विषय आहे. पण वंश पाहून ती जागा त्याला नेमून दिलेली असेल, तर कौतुकाच्या त्याच वाक्यात नेमून देणाऱ्याचाही उल्लेख झाला पाहिजे.

हाँग यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२९ रोजी मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरात, चिनी स्थलांतरित कुटुंबात झाला. चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद करणारा १८८२ चा कायदा त्या वेळी अमलात होता. तो रद्द झाला १९४३ मध्ये, म्हणजे हाँग १४ वर्षांचे असताना, आणि तेव्हाही चिनी लोकांसाठी वर्षाला अवघ्या १०५ जागा ठेवण्यात आल्या. अशा घरातल्या मुलाने काय शिकावे याबद्दल घरच्यांचे मत काय असणार हे आपल्याकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय वाचकाला सांगण्याची गरज नाही. मुलगा स्थापत्य अभियंता झाला. शिक्षण मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाले आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात संपले, आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्ते विभागात नोकरीही लागली. रजा टाकून चित्रीकरणाला जाण्याचा उद्योग मग काही काळ चालला आणि शेवटी नोकरी सुटली.

या नोकरीहून मला महत्त्वाचा वाटतो तो १९५४ मधला एक प्रसंग. विनोदवीर ग्राउचो मार्क्स यांच्या ‘यू बेट युवर लाइफ’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हाँग स्पर्धक म्हणून गेले आणि त्यांनी यजमानासमोर यजमानाचीच नक्कल केली. ती प्रेक्षकांना अतिशय आवडली आणि हाँग यांचे नाव पहिल्यांदा लोकांच्या कानावर गेले. म्हणजे ज्या नटाला पुढची कित्येक दशके मोडके इंग्रजी बोलणारा चिनी माणूस म्हणून उभे केले गेले, त्याची पहिली ओळख एका अस्सल अमेरिकी विनोदवीराला हुबेहूब उतरवणारा माणूस अशी होती. गोऱ्या माणसाची बोली, चाल, लकब त्यांना जमत होती याचा पुरावा लाखो प्रेक्षकांनी पाहिला होता. त्या कसबाला त्यानंतर कोणी गिऱ्हाईक मिळाले नाही.

अभिनय म्हणजेच दुसऱ्याचे रूप घेणे, मग गोऱ्या नटाने चिनी शेतकरी केला तर बिघडले कुठे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. मराठी वाचक तर लगेच बालगंधर्वांचे नाव घेईल. बालगंधर्वांच्या कलेला त्यामुळे कमीपणा येत नाही हे खरे. पण त्या काळी कुलीन स्त्रीला रंगभूमीवर पाय ठेवता येत नव्हता म्हणून ती जागा पुरुषाला भरावी लागली, हेही तितकेच खरे, आणि पहिले सत्य सांगताना दुसरे गिळून टाकणे हा कलेचा आदर नव्हे. हॉलिवूडमध्ये तर रूपांतराची ही वाट एकाच दिशेने चालू होती. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकरी जोडपे पॉल म्युनी आणि लुईझ रायनर या दोन गोऱ्या कलावंतांनी साकारले आणि रायनर यांना त्याबद्दल ऑस्कर मिळाले. लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेल्या आणि तोवर जगभर माहीत झालेल्या चिनी वंशाच्या अभिनेत्री ॲना मे वाँग यांना ती भूमिका मिळाली नाही. चित्रपटउद्योगाच्या तेव्हाच्या आचारसंहितेत मिश्रवंशीय संबंध दाखवण्यास मनाई होती. संहितेचे शब्द गोऱ्या आणि काळ्या वंशांपुरते होते, पण स्टुडिओंनी ते आशियाई नटांनाही लावले. त्यामुळे नायक गोरा ठरला की नायिकाही गोरीच ठरे, मग दोघांनी चिनी असल्याचे सोंग घेतले असले तरी. कायद्याच्या पोटातला हा विनोद कोणत्याही फार्सला लाजवील असा आहे.

चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर घ्या. पडद्यावर तो गाजवला वॉर्नर ओलंड यांनी, ते मूळचे स्वीडनचे. मग सिडनी टोलर, मग रोलंड विंटर्स. त्याचा थोरला मुलगा मात्र की ल्यूक या चिनी नटाने केला. १९५७ मध्ये दूरचित्रवाणीसाठी चॅनची मालिका निघाली तेव्हा बाप झाले आयरिश वंशाचे जे. कॅरोल नेश आणि मुलगा झाले जेम्स हाँग. वीस वर्षांत व्यवस्था तसूभर हलली नव्हती: बाप गोरा, मुलगा चिनी. लोकांनाच आशियाई नायक नको होता, हा निर्मात्यांचा बचावही टिकत नाही. मूकपटांच्या काळात, १९१५ च्या ‘द चीट’नंतर, सेस्सू हायाकावा हा जपानी नट अमेरिकेत एवढा लोकप्रिय होता की तीनच वर्षांनी त्याने स्वतःची चित्रपटसंस्था काढली. प्रेक्षकाची आवड ही निसर्गदत्त गोष्ट नसते. ती घडवली जाते आणि मोडलीही जाते.

आता हाँग यांच्या भूमिकांकडे पाहू, कारण माझा मुद्दा त्यांच्या कामाच्या दर्जावरच उभा आहे. नट सुमार असता तर कडेला उभे राहण्याची तक्रार कोणी कशाला केली असती? १९७४ च्या ‘चायनाटाउन’मध्ये ते नायिकेच्या घरचे खानसामा कान आहेत. चित्रपटाच्या नावात चिनी वस्ती आहे, पण चिनी माणसे बहुतेक दार उघडणारी, वर्दी देणारी. खाऱ्या पाण्याने गवत मरते हे माळी आपल्या उच्चारात सांगतो, नायक त्या उच्चाराची टिंगल करतो, आणि साऱ्या रहस्याची किल्ली नेमकी त्याच वाक्यात असते. हाँग यांना या चित्रपटात फारसे शब्दच नाहीत. तरीही दार किती उघडायचे, कोणासाठी उघडायचे आणि पाहुण्याकडे किती वेळ बघायचे, एवढ्यावर त्यांनी या घरात काहीतरी दडवलेले आहे ही जाणीव उभी केली आहे.

१९८२ च्या ‘ब्लेड रनर’मधले त्यांचे काम तर मी नाट्यशिक्षणाच्या वर्गात दाखवीन. कृत्रिम माणसांसाठी डोळे घडवणारा च्यू हा कारागीर गोठणबिंदूखालच्या कोठीत, अंगावर जाड केसाळ कोट चढवून, एकटाच आपल्या कामात रमलेला आहे. प्रसंग काही मिनिटांचा. त्यात पहिल्यांदा कारागिराची धुंदी दिसते, मग आगंतुकांना पाहून आलेला तुसडेपणा, मग भीती, आणि त्या भीतीतही आपण घडवलेले डोळे समोरच्याच्या चेहऱ्यावर पाहून झालेला क्षणभराचा अभिमान. एवढे टप्पे एवढ्या अवकाशात घेणारा नट दीड तासाच्या भूमिकेचे काय करील, हा प्रश्न तो प्रसंग पाहताना पडायला हवा होता; ज्यांच्या हाती निर्णय होते त्यांना तो पडला नाही, किंवा पडूनही उपयोग झाला नाही. १९९१ मध्ये ‘साइनफेल्ड’ या मालिकेच्या एका भागात ते चिनी उपाहारगृहात टेबलांची यादी सांभाळणारे गृहस्थ झाले. सगळा भाग त्या रांगेत उभ्या असलेल्या तिघांच्या तगमगीचा, आणि त्या तगमगीची दोरी हाँग यांच्या हातात. आज अमेरिकेत अनेक जण त्यांना तेवढ्यावरून ओळखतात.

सर्वांत मोठे काम मिळाले ते १९८६ च्या ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’मध्ये, लो पॅन या शापित जादूगाराचे. वयोवृद्ध, कपटी, गोऱ्या मुलीवर नजर ठेवणारा चिनी खलपुरुष हा पाश्चात्त्य कल्पनेतला जुना बागुलबुवा. कागदावर लो पॅन त्याहून वेगळा नव्हता. हाँग यांनी त्यात शतकानुशतके लग्न न जमलेल्या माणसाचा चिडका एकटेपणा भरला. खुर्चीतला जर्जर म्हातारा आणि झगझगीत वस्त्रांतला जादूगार ही दोन रूपे त्यांनी अशी जोडली, की खलनायकाची भीती कमी होऊन त्याची कीव आणि गंमत वाटू लागते. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. जवळपास त्याच वयात, दोनच वर्षे आधी, हॅरी डीन स्टँटन या दुसऱ्या एका जातिवंत चरित्र अभिनेत्याला ‘पॅरिस, टेक्सास’ची मुख्य भूमिका मिळाली होती. स्टँटननेही आयुष्य कडेला घालवले होते. पण त्याच्या कडेला एक दार होते, ते उशिरा का होईना उघडले. हाँग यांनी आपले दार स्वतःच सुतारकाम करून बसवले: १९८९ मध्ये ‘द व्हिनयार्ड’ या भयपटाच्या लेखनात आणि दिग्दर्शनात हात घालून त्यात प्रमुख भूमिकाही केली. चित्रपट विशेष चांगला नाही. तरी तो करावासा वाटणे हेच माझ्या दृष्टीने पुरेसे बोलके आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा की खुद्द हाँग यांनी फारशी कटुता दाखवलेली नाही. ते कामाला हसतमुखाने सामोरे गेले, मग त्यांच्या वतीने इतरांनी का कुरकुर करावी? याचे उत्तर सोपे आहे. माणसाची समाधानी वृत्ती हा त्याचा गुण आहे. त्याच्यावर अन्याय करणाऱ्याला ती साक्ष म्हणून वापरता येत नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक बोचरा आहे: धोबी, खानसामा, जादूगार अशा ठोकळेबाज भूमिका स्वीकारून हाँग आणि त्यांच्या पिढीनेच ते ठोकळे टिकवले नाहीत काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी १९६५ हे वर्ष आठवावे. वंशनिहाय कोटे मोडणारा स्थलांतराचा नवा कायदा अमेरिकेत झाला त्याच वर्षी माको हे जपानी वंशाचे नट, हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ईस्ट वेस्ट प्लेयर्स ही नाट्यसंस्था काढली. चर्चच्या तळघरातून सुरू झालेली ही संस्था साठ वर्षे होऊनही उभी आहे. आशियाई नटांनी पूर्ण उंचीच्या भूमिका करायच्या असतील तर त्यासाठी जागाच वेगळी लागेल, हे या मंडळींनी ओळखले होते. दिवसा स्टुडिओत ठोकळा वठवायचा आणि संध्याकाळी तालमीत माणूस, हा दुहेरी संसार त्यांनी केला. ज्याने ते काम नाकारले असते त्याच्या जागी डोळ्यांना चिकटपट्टी लावलेला दुसरा कोणी आला असता, आणि तळघरातली संस्थाही निघाली नसती.

मग प्रश्न सन्मानाचा येतो. हॉलिवूडच्या पदपथावर ताऱ्याच्या आकाराची फरशी बसवून कलावंताचा गौरव करण्याची प्रथा आहे. ही फरशी फुकट बसत नाही. नाव सुचवणाऱ्याला मोठी रक्कम भरावी लागते, आणि चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास आपल्या ताऱ्यासाठी ती भरणे हा स्टुडिओंच्या जाहिरातीचाच भाग असतो. सत्तर वर्षांत ज्या स्टुडिओंसाठी हाँग राबले त्यांपैकी कोणाला ही रक्कम भरावीशी वाटली नाही. २०२० मध्ये डॅनियल डे किम या नटाने लोकांना आवाहन केले आणि सुमारे ५५ हजार डॉलर काही दिवसांत वर्गणीतून उभे राहिले. १० मे २०२२ रोजी फरशीचे अनावरण झाले तेव्हा हाँग ९३ वर्षांचे होते. लोकांच्या प्रेमाचे हे उदाहरण हृद्य आहेच. परंतु वर्गणीतून झालेल्या सत्काराचे श्रेय ज्याने वर्गणी दिली नाही त्याच्या खात्यात जाऊ नये.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेही सुधारणा केली आहे. २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांना प्रतिनिधित्वाच्या चार कसोट्यांपैकी दोन पार कराव्या लागतात. पडद्यावरच्या कसोटीतील एक मार्ग असा, की मुख्य किंवा महत्त्वाच्या सहाय्यक भूमिकेत किमान एक नट दुर्लक्षित वंशगटातला असावा. या वाक्यातला ‘किंवा’ मला खटकतो. हाँग यांच्या पिढीचे सगळे आयुष्य त्या ‘किंवा’च्या पलीकडच्या बाजूला गेले, नियम करणाऱ्यांनी भिंत पाडली नाही, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखेच गुण देऊन टाकले. मुख्य भूमिकेचा आग्रह नियमाने धरता येतो का, याविषयी मतभेद होऊ शकतात, आणि कलेत कोटे आणण्याची धास्ती मीही समजू शकतो. पण अट घालायचीच होती तर ती जिथे दुखते तिथे घालायला हवी होती. आपणही फार दूरून हे पाहत नाही. हिंदी चित्रपटांत मराठी माणूस वर्षानुवर्षे हवालदार किंवा मोलकरीण होऊन येतो, याची चिडचिड प्रत्येक मराठी घरात ऐकू येते. फरक एवढाच की आपल्याला चिडायला स्वतःचा चित्रपट आणि स्वतःची रंगभूमी आहे.

ज्यांनी धंदा सोडला त्यांचा हिशेब तर कोणत्याच आकड्यात येत नाही. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर’मध्ये हाँग यांच्या जावयाची भूमिका करणारे की ह्वी क्वान बालनट म्हणून गाजले होते, मोठेपणी कामच मिळेना म्हणून ते कॅमेऱ्याच्या मागे गेले आणि परतले तेव्हा पन्नाशीच्या घरात होते. मार्च २०२३ मध्ये त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्यापूर्वी हा पुरस्कार आशियाई नटाला, हाइंग न्गोर यांना, मिळाला होता तो १९८५ मध्ये; मध्ये ३८ वर्षे गेली. हाँग यांना ऑस्करचे नामांकनही कधी मिळालेले नाही.

तरी त्या चित्रपटात त्यांना मिळालेली जागा मला फरशीपेक्षा आणि पुरस्कारापेक्षा मोलाची वाटते. नायिका मिशेल यो, तिचा नवरा क्वान, मुलगी स्टेफनी शू. मधली सगळी माणसे आशियाई. त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेले हाँग कडेला आहेत, कारण गोष्ट त्यांच्या लेकीची आहे आणि ते तिचे वडील आहेत. त्यांचा वंश त्यांना तिथे बसवत नाही. मायदेशाहून आलेला, अर्धे ऐकणारा, न्याहारीसाठी खोळंबलेला आणि इतक्या वर्षांनंतरही जावई पसंत नसलेला एक सासरा, एवढेच काम त्यांना तिथे करायचे होते.